एकटा निऑन आणि नागपूरचा मे

त्रिमूर्तीनगरहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात ते असं:

"फेब्रुवारीत लेकीच्या नवव्या वाढदिवसाला दोन फुटांचा फिश टँक घेतला. दुकानदार म्हणाला, थोडे थोडे सगळेच घ्या, रंगीत दिसते. त्यानं चार निऑन, दोन टायगर बार्ब, एक गोल्डफिश आणि काच साफ करायला एक सकर दिला. मी दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करते, खडे धुऊन उन्हात वाळवते, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून काढते. पाणी बोअरचं. एवढं करूनही तीन निऑन गेले. आता एकच राहिलाय. दिवसभर फिल्टरच्या मागे उभा राहतो, आणि सगळे खाऊन गेले की मग खायला येतो. लेकीनं त्याचं नाव निळू ठेवलंय. ती आजकाल टाकीकडे बघतच नाही. सासूबाई म्हणतात, मुक्या जीवांना कोंडून काय करून राहिलीस? घरी कूलर आहे, एसी नाही. अजून चार निऑन आणू, की टाकीच देऊन टाकू?"

ताई, टाकी देऊ नका. आणि निऑनही आणू नका, निदान आता तरी नाही.

पत्रातली 'सगळे खाऊन गेले की मग येतो' ही ओळ मी दोनदा वाचली. निऑन लाजाळू नसतो. आठ-दहा जणांत असला की अन्नाचा कण पाण्याला टेकायच्या आत वर येतो. मारबतीच्या गर्दीत आईचा हात सुटलेलं पोर भिंतीला चिकटून उभं राहतं ना, तसा तुमचा निळू उभा आहे. हा मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, जंगलातल्या पानांनी चहासारख्या झालेल्या पाण्यातला. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर. त्याला खाणारे चारी बाजूंना. अशा जिवाकडे लढायला मोठे दात नाहीत, काटे नाहीत, त्याचं संरक्षण म्हणजे त्याचे सोबती. दहा जण असले की वीस डोळे पहारा देतात, आणि शिकाऱ्याला दहांतला एक नेमका हेरता येत नाही. माशाच्या अंगावर पार्श्वरेखा असते. तिच्यामुळे शेजारच्यानं अंग वळवलं की पाण्यातला तो हलका धक्का याला लगेच कळतो, आणि सगळा थवा एकदम वळतो. हा धक्का देणारं कुणी नसेल तर मासा दिवसभर सावध राहतो. सतत सावध राहणाऱ्या माशाची प्रतिकारशक्ती कमी होते, रंग फिका पडतो आणि बारीकसारीक आजारही त्याला झेपत नाही.

म्हणून दुकानात निऑन एक-एक मोजून विकत असले, तरी घरात तो दहाच्या हिशेबानंच ठेवायचा. पुष्कळ ठिकाणी 'कमीत कमी सहा' असं सांगतात. माझं मत दहाचं आहे, कारण सहांतला एक गेला की पाच उरतात आणि घसरण सुरू होते. तुमच्या टाकीत आठ मासे होते, पण चार जातींचे. त्यातले दोन टायगर बार्ब तर स्वतःच थव्यातले मासे. आठ-दहा असले की आपसांतच पळापळी करतात. दोनच असले की दुसऱ्यांचे पंख ओरबाडतात. निळूच्या शेपटीचं टोक फाटलेलं आहे का, ते उद्या नीट बघा.

आता रविवारच्या धुण्याबद्दल. तुम्ही मनापासून करताय, आणि निऑन जाण्यामागे सगळ्यात मोठा हात त्याचाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मासे श्वास घेतात, विष्ठा टाकतात, उरलेलं अन्न सडतं, या सगळ्यांतून पाण्यात अमोनिया उतरतो. तो माशांना विषारी. स्पंजवर आणि खड्यांवर हळूहळू काही जिवाणू वस्ती करतात. एक जात अमोनियाचा नायट्राइट करते, तोही विषारीच. दुसरी जात त्याचा नायट्रेट करते, आणि तो मात्र थोडाफार असला तरी मासे सहन करतात. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. स्पंजवरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर तुम्हाला घाण वाटतो, पण टाकीचा खरा फिल्टर तोच. तुम्ही दर रविवारी खडे उन्हात वाळवलेत, म्हणजे दर रविवारी वस्ती उठवलीत. फेब्रुवारीपासून तुमची टाकी रोज नवीनच आहे, आणि नव्या टाकीत सगळ्यात आधी जाणारा मासा म्हणजे निऑन.

त्यात बोअरचं पाणी. तुमच्याकडे तुरीची डाळ बोअरच्या पाण्यात नीट शिजत नसेल, बादलीला पांढरा थर धरत असेल, तर ते पाणी जड आहे, आणि त्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, बहुधा आठच्या आसपास. अमोनियाचा जो भाग खरा विषारी, तो पीएच एकानं वाढला की जवळपास दहापट होतो. तोच अमोनिया मऊ पाण्यात मासा कसाबसा सोसेल, जड पाण्यात त्याचे कल्ले जळतात. तुमच्याकडे महापालिकेचा नळ असेल तर टाकीसाठी तेच पाणी वापरा. पेंच-कन्हानचं पाणी बोअरपेक्षा मऊ असतं. त्यात क्लोरीन असतं, तेवढं काढावं लागतं, ते खाली सांगतो.

यापुढे रविवारी एवढंच करा. तुमची टाकी ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर धरली तर भरते ५४ लिटर, खडे आणि वरची मोकळी जागा सोडली की प्रत्यक्ष पाणी ४५च्या आसपास. त्यातलं दहा लिटर नळीनं खड्यांमधून ओढून काढा. काढलेल्या त्याच पाण्यात स्पंज दोनदा दाबा, नळाखाली अजिबात नाही. काच कापडानं पुसा. भरायचं पाणी आदल्या संध्याकाळी बादलीत काढून टाकीशेजारीच ठेवा. रात्रभरात क्लोरीन बरंचसं उडतं, तरी अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेत तेवढे टाका. बादली शेजारी ठेवायला सांगतोय त्यामागे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे मे महिना.

नागपूरकरांना उन्हाळा शिकवायला नको. पण छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी बारानंतर हाताला चटका देतं, हे घाईत आपण विसरतो आणि नळ थेट फिश टँकमध्ये सोडतो. दोन मिनिटांत आठ-दहा अंशांचा फरक पडतो. माशासाठी तो घाव असतो.

गरम पाण्याचा दुसरा त्रास डोळ्यांना दिसत नाही. २५ अंशाला पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ अंशाला सातपेक्षाही कमी. उष्णतेनं माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते, आणि अमोनियाचं विषही वाढतं. निऑनला २२ ते २६ अंश मानवतात. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला आणि घरात एसी नसला, तर टाकीचं पाणी तिशीच्या खाली ठेवणंही कसरतीचं होतं. म्हणून मी म्हणतो, मासा दुकानात बघून ठरवू नका, मे महिना डोळ्यांसमोर ठेवून ठरवा.

हे मला फार महागात कळलं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अकरा निऑन होते, झाडं लावलेली, सगळं जमून आलेलं. मेमधल्या एका दुपारी लाईन गेली. मी कामावर होतो, घरी कुणी नव्हतं. कूलर बंद, एअर पंप बंद, दारं-खिडक्या लावलेल्या. सहा वाजता आलो तेव्हा सात मासे तळाशी पडलेले होते, आणि चार वरच्या पाण्याला तोंड लावून धापा टाकत होते. मग्ग्यानं पाणी काढून हातभर उंचावरून परत ओतत मी तासभर तिथेच बसलो. त्यातले दोन वाचले. पुढे महिनाभर ते दोघं एकमेकांना चिकटून कोपऱ्यात राहिले आणि मग तेही गेले. लाईन गेल्यावर मग्ग्यानं वरून पाणी ओतायचं हे घरात सगळ्यांना, लेकीलाही, शिकवून ठेवा. पाणी पडताना हवा आत घेऊन जातं. सेलवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, तो आणून ठेवलात तर उत्तमच.

पाणी थंड ठेवायचा उपाय आपल्या माठातच आहे. पाणी उडतं तेव्हा उरलेल्याची उष्णता घेऊन जातं, आणि नागपूरची कोरडी हवा पाणी उडवण्यात पटाईत. टाकीवरचं काचेचं झाकण काढा आणि लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा. त्यावर एक छोटा पंखा तिरका ठेवा, वारा पाण्याच्या पृष्ठावरून जाईल असा. एवढ्यानं दोन ते चार अंशांचा फरक पडतो. कूलरच्या खोलीत टाकी असेल तर खोलीच तापत नाही, त्याचा फायदा वेगळा. पाणी रोज थोडं कमी होईल. ते भरून काढायला स्वयंपाकघरातलं आरओचं पाणी वापरा, कारण उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, आणि रोज जड पाणी घातलं तर महिन्याभरात टाकी खारट होत जाते. बर्फाची बाटली सोडायचा मोह टाळा. तापमान झर्रकन उतरतं आणि बर्फ संपला की तितक्याच वेगानं चढतं.

तर मग कोणता मासा? माझं उत्तर झेब्रा डॅनियो. दुकानात नुसतं 'झेब्रा' म्हणतात. स्वस्त मासा आहे म्हणून दुकानदार त्याची फार तारीफ करत नाही, तिकडे लक्ष देऊ नका. हा आपल्या उपखंडातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन छापलं, त्यात हा आहे. 'डॅनियो' हा शब्द बंगालीतल्या 'धानी'वरून आलाय, म्हणजे धानाच्या शेतातला. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत गुडघाभर पाणी उभं असतं, ते डोळ्यांसमोर आणा. ऊन पडलं की ते पाणी तापतं, रात्री निवतं, पाऊस आला की गढूळ होतं. असल्या उथळ, बदलत्या पाण्यात वाढलेला जीव हा. हिवाळ्यातल्या सोळा-सतरा अंशांपासून उन्हाळ्यातल्या तिशीपर्यंत तो निभावून नेतो. त्यामुळे जानेवारीत हीटरचीही गरज सहसा लागत नाही. जड पाण्याचंही त्याला वावडं नाही.

आणि दिसायला? दहा झेब्रे एका टाकीत पाहिलेत का कधी? निळ्या-सोनेरी उभट रेघा नव्हेत, डोक्यापासून शेपटीपर्यंत आडव्या धावणाऱ्या. सगळे एका टोकाला जातात, काचेपाशी एकदम वळतात, आणि वळताना त्या रेघा क्षणभर लखलखतात. नर सडपातळ, अंगावर सोनेरी झाक. मादी चंदेरी आणि पोटात भरलेली. लेकीला ओळखायला सांगा, चार दिवसांत ती तुम्हाला शिकवेल. तिला हेही सांगा की जगभरच्या प्रयोगशाळांत हाच मासा अभ्यासाला घेतात, कारण त्याच्या अंड्यातला जीव काचेसारखा पारदर्शक असतो आणि हृदय ठोके घेताना बाहेरून दिसतं. २०१३ मध्ये त्याच्या जनुकांचा पूर्ण नकाशा छापून आला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोडीदार सापडले. नऊ वर्षांच्या मुलीला एवढं पुरेल. फक्त झेब्रा उडी मारतो, म्हणून ती जाळी पंख्यासाठी जितकी गरजेची, तितकीच त्याच्यासाठीही. आणि दुकानात गुलाबी-हिरव्या भडक रंगांचे विडो टेट्रा दाखवले तर घेऊ नका. ते पुष्कळदा पांढऱ्या माशांना रंगवून केलेले असतात. त्या माशाला त्यात त्रास होतो आणि रंगही पुढे उतरतो.

आता आहेत त्यांचं काय. गोल्डफिश आणि सकर दुकानात परत द्या, पैसे मिळाले नाहीत तरी द्या. गोल्डफिश वाढला की तोंडात मावेल तो मासा गिळतो, आणि घाण फार करतो. सकर आज बोटाएवढा आहे, पण त्या जातीचे मासे फूटभराच्या वर जातात. काच तो फारशी साफ करत नाही, स्वतःची विष्ठा तेवढी वाढवतो. टायगर बार्बही द्या. ज्यांच्याकडे त्यांचा थवा आहे अशा कुणाला दिलेत तर बरंच. पण काहीही झालं तरी फुटाळा, अंबाझरी किंवा सोनेगावच्या तलावात सोडू नका. 'सोडून दिलं, पुण्य केलं' असं वाटतं. पण सकर आपल्या तलावांत तग धरतो, वाढतो आणि तिथल्या माशांची जागा खातो.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. त्यांचं बोलणं मला टोचलं नाही, उलट पटलं. मुका जीव कोंडायचाच असेल तर त्याला त्याची माणसं द्यायला हवीत, एवढंच मला त्यात जोडायचंय. खायला घालायचं काम त्यांच्याकडे सोपवता आलं तर बघा. दोन वेळा, बोटांत चुरडून, मिनिटा-दोन मिनिटांत संपेल एवढंच. घराघरांत मासे उपाशी राहून मरत नाहीत, तीन-तीन जणांनी प्रेमानं घातलेल्या खाण्यानं मरतात.

टाकी रिकामी झाली की लगेच झेब्रे आणू नका. फिल्टर चालूच ठेवा, रोज चिमूटभर खाणं टाका, म्हणजे ते सडून जिवाणूंना खाद्य मिळेल. कुणाची जुनी, निरोगी टाकी ओळखीची असेल तर त्यांच्या स्पंजचा एक तुकडा मागून आणा आणि ओलाच आपल्या फिल्टरमध्ये घाला. त्यानं काम फार लवकर होतं. घरातल्या मनीप्लांटची एक फांदी टाकीच्या कडेला अडकवा, मुळं पाण्यात, पानं बाहेर. ती नायट्रेट शोषते. चार-सहा आठवड्यांनी, स्पंज मिळाला तर त्याआधीही, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टाकी तयार. तोवर मृग लागलेला असेल, हवा निवलेली असेल. सहा आणा, पंधरा दिवसांनी चार. भल्या सकाळी किंवा दिवस मावळल्यावर आणा, थर्माकोलच्या डब्यात. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग पुढचा अर्धा तास पेल्यानं थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला, आणि जाळीनं मासे तेवढे सोडा. दुकानाचं पाणी मोरीत.

राहिला निळू. त्याला झेब्र्यांत ठेवावं असं तुम्हाला वाटेल. तो त्यांच्या आसपास राहीलही, पण त्यांचा वेग त्याला झेपणार नाही, आणि पुढचा मे आहेच. दातांच्या दवाखान्यात, बँकेत, एसी दिवसभर चालतो अशा ठिकाणी पुष्कळदा निऑनची टाकी असते. ओळखीत विचारा. देण्याआधी त्याला चांगल्या उजेडात बघा. अंगात, कातडीच्या आत, पांढुरका डाग दिसला किंवा पाठ वाकडी वाटली तर तो निऑनना होणारा आजार असू शकतो. त्यावर भरवशाचं औषध नाही आणि तो इतरांना लागतो. तसं असेल तर त्याला कुठेही देऊ नका. टायगर बार्ब गेल्यावर आपल्याच टाकीत शांतपणे राहू द्या, आणि झेब्रे आणायचं पुढे ढकला. मात्र सकाळी दिवा लावल्या लावल्या तो फिका दिसला तर घाबरू नका. निऑन रात्री रंग उतरवतात, अर्ध्या तासात निळा पट्टा परत येतो.

तो निरोगी असेल तर लेकीला सोबत घेऊन जा. रडेल कदाचित, रडू द्या. पिशवीतून सुटल्यावर तो आधी तळाशी जाईल, दोन-चार मिनिटं हलणार नाही. मग थवा जवळून जाईल, तेव्हा त्याची शेपटी थरथरेल. पहिल्यांदा बहुधा तो मागेच राहील. थवा परत फिरेल. लेकीला सांगा, डोळा लावून बस, कारण तो त्यांच्यात शिरला की त्यातला निळू कोणता हे तिलाही सांगता येणार नाही.